नवस फळला नाही, आता कोणत्या तोंडाने वारीला जाऊ?

पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही बार्शी तालुक्यातले. घर माळकरी आहे. सासरे, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, दरवर्षी आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर चालत पंढरपूरला जातात. माझ्या मिस्टरांच्या दोन्ही किडन्या बीपीने गेल्या. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, असं दोन वर्षं चाललं. माझा रक्तगट जुळला नाही, सासूबाईंना साखर आहे, म्हणून पुण्याच्या यादीत नाव नोंदवलं.

मी सोळा सोमवार केले, पारायणाला बसले. विठोबाला नवस बोलले की हे बरे झाले तर दोघं जोडीने पायी वारी करू आणि द्वादशीला दिंडीला जेवण घालू. एके दिवशी दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला, किडनी आहे, लगेच निघा. रात्री पोचलो. आमच्यासारखाच आणखी एक पेशंट बोलावलेला होता. मी जिन्यात बसून रात्रभर नाम घेतलं. सकाळी सांगितलं, तुमचं क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आलं, किडनी त्यांना मिळणार. चार महिन्यांनी इन्फेक्शन होऊन हे गेले.

वर्ष होत आलं. मी देवापुढे दिवा लावते, पण हात जोडत नाही. देवाशी अबोला धरलाय म्हणा. जाऊबाई म्हणतात, पारायणात एक दिवस खंड पडला, तिथेच श्रद्धा कमी पडली. (त्या दिवशी ह्यांना डायलिसिसच्या खुर्चीतच चक्कर आली होती.) शेजारच्या काकू म्हणतात, बोललेला नवस फेडून टाक, नाहीतर कोप होतो. आप्पा म्हणतात, यंदा माझ्याबरोबर वारीला चल. कोणत्या तोंडाने जाऊ? मुलगी अकरा वर्षांची आहे. परवा रात्री म्हणाली, ‘आई, गॅदरिंगच्या दिवशी मी बाबांसाठीची माळ ओढली नव्हती, म्हणून बाबा गेले का?’ मला काही बोलता आलं नाही, नुसतं जवळ घेतलं.

देवावर भरवसा ठेवायचा तरी कसा?

उत्तर

ताई,

मुलीबद्दल तुम्ही शेवटी शेवटी लिहिलंत, ते मी आधी घेते. देवाचं आणि तुमचं भांडण वर्षभर चाललंय, आणखी काही दिवस चाललं तरी चालेल. मुलीचा प्रश्न मात्र तसा ठेवता येणार नाही.

तिला जवळ घेतलंत हे बरं केलंत. पण या वयाची मुलं मोठ्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ आपला आपण लावतात आणि बहुतेक वेळा स्वतःच्याच विरुद्ध लावतात. आई काही बोलली नाही, म्हणजे माझंच चुकलं. म्हणून आज रात्री अंथरुणं घातली की तुम्हीच विषय काढा. ‘तू परवा विचारलंस ना, माळ राहिली म्हणून बाबा गेले का? नाही. तुझ्यामुळे काहीही झालेलं नाही. बाबांना बीपी होतं आणि ते कोणालाच कळलं नव्हतं, बाबांनासुद्धा नाही. तू अगदी लहान होतीस तेव्हापासून त्यांच्या किडन्या आतून खराब होत होत्या. शेवटी इन्फेक्शन झालं आणि अंगात झुंजायची ताकद उरली नव्हती. तू माळ ओढलीस तेव्हाही आजार होता, गॅदरिंगला नाचलीस तेव्हाही तेवढाच होता.’ एवढं आणि असंच, साध्या शब्दांत. रक्तदाबाने किडनी निकामी व्हायला वर्षं जातात, आणि बहुतेकांना काही जाणवतच नाही. वाटलं तर तिला एकदा तुमच्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि त्यांच्याच तोंडून ऐकू द्या. डॉक्टरकाकांनी सांगितलेलं मुलांना खरं वाटतं. (बीपी घराण्यात चालतं, तेव्हा दीर-नणंदांना वर्षातून एकदा बीपी आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्यायला सांगा. हे देवाधर्माच्या पत्रात शोभत नसलं तरी सांगते.)

आणखी एक गोष्ट हळूच बघा. ती अजून माळ ओढते का? ओढत असेल, तर कोणासाठी? मला भीती आहे ती अशी की आता ती तुमच्यासाठी ओढत असेल. एक दिवस चुकला आणि बाबा गेले, पुन्हा चुकला तर आई जाईल, हे ओझं घेऊन ते लेकरू रोज रात्री मणी मोजत असेल. तसं असेल तर तिला एक दिवस मुद्दाम सुट्टी द्या. ‘आज नको, आज आपण दोघी नुसत्या झोपू’ असं म्हणा. सकाळी तुम्ही नेहमीसारख्या उठून तिची वेणी घालाल, तेव्हा तिला जे कळेल ते माझ्या तुमच्या सांगण्याने कळणार नाही. आणि ‘बाबा देवाला आवडले म्हणून त्याने नेलं’ असं तिच्यासमोर कोणालाही बोलू देऊ नका, कितीही मायेने बोलत असले तरी. जो देव आवडली की माणसं घेऊन जातो, त्याच्यापुढे पोरीने कसं उभं राहायचं?

हा प्रश्न ती पुन्हा विचारेल. वाढदिवसाला, परीक्षेच्या आधी, कुणाचे बाबा शाळेत न्यायला आलेले दिसले की. दर वेळी तेच उत्तर द्या, न कंटाळता.

मुलीला जे सांगायचं तेच तुम्हालाही लागू आहे. पारायणात एक दिवस खंड पडला, कारण त्या दिवशी तुमचा नवरा खुर्चीत डोळे फिरवत होता आणि तुम्ही त्याचं डोकं धरून बसला होता. त्या वेळी तुम्ही पोथीवर बसून राहिला असतात तर देव जास्त पावला असता, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी वाद घालू नका, पण त्यांचं बोलणं मनालाही लावून घेऊ नका. जाऊबाईंच्या मनात कदाचित दुष्टावा नसेल. दुसऱ्याच्या घरी असं काही घडलं की माणूस घाबरतो आणि कारण शोधतो, म्हणजे आपण तेवढं सांभाळलं की आपल्या घरी होणार नाही असं वाटतं. त्यांची भीती त्यांच्यापाशी राहू द्या.

क्रॉसमॅचचंही सांगते, कारण तो शब्द तुमच्या मनात कुठेतरी देवाचा निकाल म्हणून बसलाय. ती रक्ताची तपासणी असते. ज्याला किडनी बसवायची त्याच्या रक्तातला द्रव दात्याच्या पेशींबरोबर ठेवून बघतात. रक्तात त्या पेशींविरुद्धच्या अँटीबॉडीज असल्या तर ती किडनी शरीर ताबडतोब नाकारतं. आधी रक्त चढवलेलं असलं तर अशा अँटीबॉडीज तयार झालेल्या असू शकतात, आणि डायलिसिसवरच्या माणसाला रक्त चढवावं लागणं नवीन नाही. म्हणूनच एका किडनीसाठी एकापेक्षा जास्त जणांना बोलावतात. त्या रात्री तुमचं नाम कमी पडलं आणि दुसऱ्यांचं जास्त झालं, असं काही त्या प्रयोगशाळेत मोजलं गेलं नाही. उलट तो अहवाल पॉझिटिव्ह असूनही किडनी बसवली असती, तर ती लगेच निकामी होऊन काढून टाकावी लागली असती अशी शक्यता होती.

आता जे लिहितेय ते लिहावं की नाही याचा मी बराच विचार केला. तुमच्या दुःखावर आणखी कोणाचं दुःख ठेवायला नको वाटत होतं. पण तुमचा मूळ प्रश्न भरवशाचा आहे, आणि त्याला भिडायचं तर त्या रात्रीकडे पुन्हा एकदा बघावं लागेल.

त्या रात्री तुम्ही जिन्यात बसला होता. त्याच इमारतीत कुठेतरी दुसऱ्या पेशंटची बायको किंवा आई बसलेली असणार, तीही नाम घेत असणार. तुमच्याइतकीच थकलेली, तिच्याही पिशवीत तशीच फाईल. आणि तिसरं एक घर होतं. ते त्याच हॉस्पिटलात असेल किंवा दुसऱ्या गावी असेल, पण होतं हे नक्की, कारण ती किडनी त्या घरातून आली. ज्याचा मेंदू मृत झालाय पण हृदय यंत्रावर चालू आहे, अशाच माणसाची किडनी या यादीतून मिळते. 1994 च्या कायद्याप्रमाणे मेंदू मृत असल्याची तपासणी चार डॉक्टर करतात, आणि ती दोनदा करतात. दोन तपासण्यांच्या मध्ये निदान सहा तास जावे लागतात. ते सहा तास त्या घरच्या माणसांनी काय केलं असेल? दुसरी तपासणी वेगळी निघू दे, एक बोट हलू दे, एवढंच मागितलं असेल. त्यांच्यातही कोणी माळकरी असेल. त्यांचंही ऐकलं गेलं नाही. आणि तशा अवस्थेत त्यांनी सहीसाठी पेन हातात घेतलं, म्हणून तुम्हाला फोन आला.

म्हणजे एकाच रात्री तीन घरं मागत होती, आणि तिघांनाही एकाच वेळी देणं शक्यच नव्हतं. ज्या घरी किडनी मिळाली त्यांची श्रद्धा खरी आणि बाकी दोघांची खोटी, असं तुम्ही त्या बाईच्या तोंडावर म्हणाल का? जिथून किडनी आली त्या घरच्या माणसांना म्हणाल का, तुमचं कुठेतरी चुकलं? नाही म्हणणार. तुमच्यासारखी बाई तर मुळीच नाही म्हणणार. मग स्वतःलाच का म्हणता?

मी देवाला मानते. तो ऐकतो असंही मानते. पण ऐकलं की दिलंच पाहिजे, असं जे आपण धरून चालतो, ते त्या जिन्यात टिकत नाही. मग तुम्ही विचाराल, द्यायचंच नसेल तर ऐकून उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. ‘देव परीक्षा बघतो’, ‘मागच्या जन्मीचं असेल’, ‘यातूनही काही चांगलंच निघेल’ अशी तयार उत्तरं पुष्कळ मिळतील. मी त्यातलं एकही देणार नाही. अकरा वर्षांच्या मुलीचा बाप नेऊन कोणी कोणाची परीक्षा बघत असेल, तर तो आपला विठोबा नव्हे. तुमच्या नवऱ्याच्या मरणाला कारण होतं, आजार. त्याला हेतूही होता असं जो तुम्हाला पटवू लागेल, त्याला चहा द्या आणि विषय बदला.

आपल्या माळकरी घरांत तुकोबांचं नाव रोज निघतं, पण त्यांच्या घरात काय झालं ते आपण पटकन ओलांडून पुढे जातो. 1630 च्या सुमाराला मोठा दुष्काळ पडला. तुकोबांच्या घरात वारी पिढ्यान्‌पिढ्यांची, देहूतलं विठ्ठलमंदिर त्यांच्याच घराण्याचं. त्या दुष्काळात त्यांची थोरली बायको अन्न अन्न करत गेली. मुलगा गेला. धंदा बुडाला, सावकारीचं दिवाळं निघालं, लोकांत तोंड दाखवायची सोय राहिली नाही. बायको उपाशी मरत असताना तुकोबांनी देवाला हाक मारली नसेल? आणि कोणाची छाती आहे का म्हणायची, की तुकोबांची श्रद्धा कमी पडली? तुमच्या जाऊबाई म्हणतील?

पुढे त्यांनी काय केलं हे तर सगळ्यांना ठाऊक आहे, पण मला तुम्हाला त्यांच्या शांतीबद्दल सांगायचं नाही. शांती तुम्हाला आज परवडणारी नाही. मला सांगायचंय ते त्यांच्या रागाबद्दल. ‘माझ्यापुरता देव मेला’, अशा अर्थाचं तुकोबा स्पष्ट बोलून गेलेत. गाथ्यात आहे ते. कोणी ते पान फाडलं नाही. जनाबाई तर त्याला विठ्या म्हणते, त्याचं मढं गेलं म्हणते, त्याची बायको रंडकी झाली म्हणते. बायकांना उच्चारायला कठीण जावेत असे शब्द, आणि ते देवाला! तेही लोकांनी जपून ठेवलं. आप्पांना विचारा, त्यांना माहीत असेल. आपल्याकडे देवाला शिव्या घातल्या म्हणून कोणाला संतमंडळीतून काढलेलं नाही.

तुम्ही काय केलंत? तुम्ही नुसता अबोला धरलात. तोही दिवा लावून! जिला देव नकोच झाला, ती तेल-वात कशाला करेल? रोज संध्याकाळी त्याच्यासमोर जाऊन, काडी ओढून, ‘मी तुझ्याशी बोलत नाही’ असं सांगून परत येता तुम्ही. मला त्यात श्रद्धेची कमी दिसत नाही. पण अबोल्याने तुमचंच अंग पोखरतंय, हे पत्रावरून दिसतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच की बोला. हात जोडू नका हवं तर. मुलगी शाळेत गेली, आप्पा पारावर गेले, घरात कोणी नाही असं बघून देवघरासमोर बसा आणि जे बोलायचंय ते मोठ्याने बोला. एका रात्रीपुरती आशा कशाला दाखवलीस, फोनच कशाला करवलास, ते विचारा. रात्रभर जिन्यात बसवून ठेवलंस, ते विचारा. ओरडावंसं वाटलं तर ओरडा. रडू आलं तर पदर तोंडात कोंबू नका. उत्तर येईल असं मी सांगत नाही. पण माझ्या समजुतीप्रमाणे भरवसा इथूनच सुरू होतो. मागितलेलं मिळेल या खात्रीला मी भरवसा म्हणत नाही. इतकं सगळं झाल्यावरही आपण जे काय बोलू ते त्याच्यासमोर बोलायला जागा आहे, तो आपल्याला उठवून लावणार नाही, याला म्हणते. जनाबाईला तेवढा भरवसा होता, म्हणून तर जीभ एवढी सुटली. ज्याच्याविषयी खात्री नसते, त्याच्याशी माणूस जपून बोलतो.

हे एका दिवसात होणार नाही. काही दिवस दिवाही लावावासा वाटणार नाही, तर लावू नका. सासूबाई लावतील.

नवसाचं सोपं आहे. तुम्ही बोलला होता, ‘हे बरे झाले तर’. हे बरे झाले नाहीत. नवस तिथेच संपला. तुमच्याकडे देवाचं काही देणं नाही, हॉस्पिटलचं आणि पाहुण्यांचं असेल तेवढंच. ते आधी फेडा. दिंडीला जेवण घालायला पुन्हा हातउसने घेऊ नका. काकूंना कोपाची भीती वाटते, पण नवसानेच मुलंबाळं होत असती तर नवरा कशाला करावा लागला असता, असं तुकोबाच विचारून बसलेत. त्याउपर काकूंना काय सांगायचं? उद्या हातात चार पैसे आले आणि ह्यांच्या आठवणीने कुणाला जेवू घालावंसं वाटलं, तर घाला. डायलिसिस सेंटरबाहेर पहाटेपासून बसलेली नातेवाईक मंडळी तुम्ही दोन वर्षं पाहिलीत. पेशंटला पाणीसुद्धा मोजून, केळं नाही, शहाळं नाही, आणि त्याच्यासमोर खायला नको म्हणून घरची माणसंही तशीच उपाशी बसतात. त्यांच्यासाठी चार भाकरी आणि पिठलं नेलंत तरी ते अन्नदानच आहे. पण ते नवस म्हणून नको, आणि यंदाच असंही नाही.

आता वारी.

तुम्ही विचारता, कोणत्या तोंडाने जाऊ. तुम्हाला वाटतंय की तिथे सगळे ज्यांचं देवाने ऐकलं असेच येतात, आणि त्यांच्यात आपण एकट्याच रिकाम्या. आप्पांनाच विचारा, त्यांच्या दिंडीत कोण कोण चालतं. पोर गेलेले, पीक गेलेले, सुनेने टाकलेले, स्वतःचा आजार पदरात बांधून आलेले. आळंदीपासून अडीचशेच्या आसपास किलोमीटर चालून येतात, आणि एकादशीला पायांवर डोकं ठेवायला मिळेल की नाही याचा नेम नसतो. रांग तासन्‌तास सरकत नाही. कितीतरी जण लांबूनच कळसाला हात जोडतात, चंद्रभागेत बुडी मारतात आणि गाडी धरतात. ‘दर्शन झालं’ असंच घरी येऊन सांगतात. त्यांना मी फसवणूक झालेले म्हणणार नाही. त्यांनी काही मागायला यायचंच सोडून दिलंय, यायचं सोडलेलं नाही.

आणि चोखोबा तर तुमच्याच जिल्ह्यातले, मंगळवेढ्याचे. जन्मभर विठ्ठल विठ्ठल केलं आणि जन्मभर देवळाबाहेर उभे राहिले, कारण जातीने आत जाऊ दिलं नाही. आत जाऊन एकदा बघू दे, यापेक्षा मोठं काय मागत होते ते? ते मिळालं नाही. 1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललं असताना भिंत कोसळली आणि त्याखाली सापडून गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी केली, ती आजही आहे, नामदेव पायरीच्या समोर. देवळाचं दार चोखोबांच्या माणसांना उघडलं ते 1947 मध्ये, साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. सहाशे वर्षांनी. काही जण म्हणतात, बघा, देवाने उशिरा का होईना ऐकलं. मला तसं म्हणवत नाही. चोखोबांना त्याचा काय उपयोग झाला? ते बाहेरच गेले. आणि ते दार माणसांनी बंद केलं होतं, माणसांनाच उघडावं लागलं. पण एक गोष्ट खरी की देवळात जाणारी कितीतरी माणसं आधी त्यांच्यापाशी थांबतात. ज्याचं मागणं पुरं झालं नाही असा माणूस त्या दारात पहिला उभा आहे, आणि तुम्ही विचारताय, माझ्यासारखीने तिथे यावं का.

यावं, पण यंदाच यावं असं नाही. आप्पांबरोबर आळंदीपासून चालायचं मनात नसेल तर चालू नका. जोडीने चालायचं ठरवलेल्या वाटेवर एकटीने पहिल्याच वर्षी चालणं जड जाईल, आणि मुलीला इतके दिवस मागे ठेवणंही आत्ता बरं नाही. मधला मार्ग आहे. एकादशीच्या आदल्या दिवशी वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात. तुम्ही आणि मुलगी एसटीने तिथे गाठा आणि शेवटचा टप्पा आप्पांबरोबर चाला. तिथे तुमच्या कपाळाकडे कोणी बघत नाही. समोरचा तुम्हाला माउली म्हणून पाया पडेल, तुम्ही त्याच्या पडाल, झालं. मंदिराच्या रांगेत उभं राहू नका. चोखोबांच्या समाधीपाशी जा, तिथे वाटलं तर बोला, नाही वाटलं तर आप्पांचा हात धरून नुसत्या उभ्या राहा.

आप्पांचा विचार केलात का? तुम्ही नवरा गमावलात, त्यांनी मुलगा गमावला. म्हातारा माणूस सुनेसमोर रडत नाही. ‘माझ्याबरोबर चल’ हे ते तुम्हाला धर्म शिकवायला म्हणत नसावेत. मला वाटतं, यंदा त्यांना एकट्याने त्या रस्त्याने जायची छाती होत नाही. एकदा चहा देताना विचारून बघा, ‘आप्पा, तुम्हाला राग नाही येत का त्याचा?’ ते काय म्हणतील ते माझ्या या सगळ्या लिहिण्यापेक्षा तुमच्या जास्त कामी येईल.

तुमच्या पत्रात झोपेबद्दल आणि खाण्याबद्दल काही नाही, म्हणून विचारते. रात्र रात्र जागी जात असेल, जेवणावरची वासना उडाली असेल, मुलगी नसती तर आपणही गेलो असतो असे विचार येत असतील, तर ते देवाकडे न्यायच्या आधी माणसाकडे न्या. टेली मानस ही सरकारी सेवा आहे, 14416 या नंबरवर दिवसरात्र केव्हाही फोन लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. गावच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनाही सांगता येईल. यात श्रद्धा कमी असल्याचं काही नाही. बीपीची गोळी घेण्यासारखंच आहे.

आप्पांना मात्र या आठवड्यात काय ते सांगून टाका. दिंडीत भिशी, म्हणजे जेवणखर्चाची वर्गणी, भरायची असते, ट्रक-तंबूत माणसं धरायची असतात, दिंडी चालवणाऱ्यांना आकडा आधी लागतो. येणार नसाल तर तसं स्पष्ट सांगा, म्हणजे ते दुसऱ्या कोणाची तरी सोबत बघतील. वाखरीला येणार असाल तर मुलीच्या शाळेत दोन दिवसांची रजा आधीच सांगून ठेवा, आणि तिचे मोजे नि रेनकोट विसरू नका.